नारदाच्या गादीवरून मतं मागू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या गावचा अखंड हरिनाम सप्ताह वर्गणीवर चालतो. घरटी ठरलेले पैसे, भाकरी ज्याच्या त्याच्या घरून, आमटी देवळामागच्या चुलवणावर. विधानसभेची हवा सुरू झाली तसं एका इच्छुकांनी शेवटच्या दोन पंगती आणि काल्याच्या कीर्तनाची बिदागी स्वतःकडे घेतली. अन्नदानाला कोण नाही म्हणणार? पण पाठोपाठ कमान आली, कमानीवर पांडुरंगापेक्षा मोठा त्यांचा फोटो आला आणि काल्याच्या दिवशी हंडी फुटायच्या आत बुवांनी माईक त्यांच्या हाती दिला. धर्म वाचवायचा तर मतदानादिवशी आपले कोण आणि परके कोण ते ओळखा, असं त्यांनी सांगितलं. ते ज्या कर्ण्यातून गावभर गेलं तो कर्णा तांबोळ्याच्या पोराचा. पहाटेच्या काकड्यापासून रात्रीच्या जागरापर्यंत हा पोरगा सातही दिवस मंडपाच्या कडेला वायरी सांभाळत असतो, आणि भाडं निम्मंच लावतो. तेव्हाही तो तिथंच बसला होता, मशीनच्या बटणांकडे बघत.

मी माळकरी आहे. गळ्यात वीणा घेऊन पहारा करतो, पायी वारी करतो. देवाधर्माशी माझं भांडण असतं तर हे पत्र लिहायचे कष्टच घेतले नसते. राग आहे तो वेगळ्या गोष्टीचा. पारावरच्या सभेत ह्याच इच्छुकांना आमच्या बायका टँकर कुठाय म्हणून विचारतात, पोरं विजेच्या जळालेल्या डीपीचं काय झालं म्हणून अडवतात. कीर्तनात कुणी उठून उलट विचारत नाही, ती रीतच नाही. नारदाच्या गादीपुढे माणूस मान लववतो ती देवापुढे. ती आयती लवलेली मान आपल्या पदरात पाडून घ्यायची आणि डीपीचा विषय निघूच द्यायचा नाही, असा हा सगळा हिशेब आहे.

तालुका कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालो, म्हणून कलमं चाळायची खोड राहिली आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951, कलम 123(3) : धर्माच्या नावावर मत मागणं हे भ्रष्ट आचरण. 2 जानेवारी 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी चार विरुद्ध तीन असा निकाल दिला, की उमेदवाराचाच नव्हे तर मतदाराचा धर्म पुढे करणंही त्यातच येतं. म्हणजे नमाजानंतर मशिदीत कुणी मुसलमान म्हणून अमक्याला मत द्या म्हणालं, तरी कलम तेच. पण तो खटला निघाला होता सांताक्रूझच्या 1990 च्या निवडणुकीतून! विलेपार्ल्याची 1987 ची पोटनिवडणूक याच कारणानं रद्द झाली, निवडून आलेले डॉ. रमेश प्रभू आणि त्यांच्या प्रचाराची भाषणं करणारे बाळासाहेब ठाकरे दोघंही दोषी ठरले, मात्र अंतिम निकाल यायला डिसेंबर 1995 उजाडलं. तोवर ती विधानसभा संपून तिच्या पुढचीही संपली होती. शिवाय त्याच दिवशी मनोहर जोशींच्या खटल्यात, महाराष्ट्रात पहिलं हिंदू राज्य येईल हे वाक्य म्हणजे फार तर एक आशा, असंही ठरलं. पळवाट कुठं आहे हे पुढाऱ्यांना वकिलांइतकंच कळतं.

दुसरा कायदा गावात कुणालाच ठाऊक नसतो. धार्मिक संस्थांचा गैरवापर रोखणारा 1988 चा. देवस्थानानं आपली जागा, आपला पैसा किंवा आपला उत्सव राजकीय कामाला वापरू द्यायचा नाही. दिला तर व्यवस्थापक आणि त्यात सामील असलेले सगळे, यांना पाच वर्षांपर्यंत कैद. आमच्या पंचांनी हे नीट वाचावं. इच्छुक गाडीत बसून पुढच्या गावच्या सप्ताहाला जातील, पण पोलिसांना पत्ता सापडेल तो पंचांचा.

आचारसंहिता प्रार्थनास्थळं प्रचाराला वापरायला मनाई करते, पण ती लागते उशिरा. तोवर कमानी उभ्या राहून उतरलेल्याही असतात. म्हणून माझी मागणी साधी आहे. कर्ण्यासाठी परवानगी घ्यायला प्रत्येक सप्ताह कमिटी पोलीस ठाण्यात जाते. त्या परवान्याच्या मागच्या बाजूला ही दोन्ही कलमं मराठीत छापून द्यावीत. ‘त्यांनी पंगत दिली, दोन शब्द बोलू द्या’ म्हणणाऱ्यांपुढे कमिटीला निदान दाखवायला कागद तरी राहील. आणि कमिट्यांनी अन्नदात्याचं नाव पत्रिकेत जरूर छापावं, पण बाकीच्या अन्नदात्यांच्या रांगेत, त्यांच्याच टायपात. फोटो नको आणि माईक तर नकोच.

कळावे,
एक विणेकरी
ता. बार्शी, जि. सोलापूर