खेळांचीही परीक्षणे छापा

महोदय,

मोबाइलवरचे खेळ म्हणजे गोळीबार नाहीतर जुगार, हा सरसकट शिक्का मला अन्यायाचा वाटतो. कार्यालयातून दमून आल्यावर मी अर्धा तास ‘स्टारड्यू व्हॅली’ खेळते. एरिक बॅरोन यांनी चित्रे, संगीत सारे एकट्याने घडवून २०१६ साली आणलेला हा खेळ. वारशाने मिळालेले पडीक शेत आणि २८ दिवसांचा एकेक ऋतू. बी पेरा, झारीने पाणी घाला. पाऊस आला की तेवढे काम वाचते. मासे धरायचे की शेजाऱ्यांकडे जायचे, आपली मर्जी. गाव सोडून शहरात आलेल्या माझ्या सासूबाई शेजारी बसून विचारतात, ‘वांगी लावलीस का गं?’ चित्रपटांसारखी अशा खेळांचीही परीक्षणे आपल्या दैनिकात यावीत, ही विनंती.

– एक वाचक, ठाणे