तीन बोटांचं अंतर

वाई,
२४ ऑगस्ट

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर मी नुसता 'हं, हं' करत होतो, त्याचा तुला राग आला असणार. दोन आठवडे माझे वरचे-खालचे दात रबरांनी बांधलेले होते रे! जबडा मोडला. पसरणी घाट उतरताना पावसात स्कूटर घसरली. डोक्यावर हेल्मेट होतं, पण अर्धं, हनुवटी उघडी ठेवणारं. रस्त्यावर आधी तीच आपटली, डाव्या बाजूनं.

एका दवाखान्यात 'मुका मार आहे' म्हणून गोळ्या देऊन घरी पाठवलं. रात्री आरशात पाहतो तर हनुवटी उजवीकडे कललेली, जिभेखाली काळंनिळं रक्त साकळलेलं, आणि खालचा ओठ डावीकडे बधिर. पण खरी गोम कळली ती तोंड मिटताना. दाढा नेहमीच्या जागी टेकेनात. दुसऱ्या दिवशी पुण्याला गेलो, तर तिथल्या सर्जननी पहिला प्रश्न तोच केला, "दात पूर्वीसारखे बसतात का?" हाडाचं नंतर विचारलं.

ओपीजीत (म्हणजे सगळ्या जबड्याच्या एका एक्स-रेत) आणि सीटी स्कॅनमध्ये दोन ठिकाणी मोड दिसला, डावीकडे सुळ्याजवळ आणि उजवीकडे कानापुढच्या सांध्याखालच्या बारीक भागाशी, त्याला मान म्हणतात. मार डावीकडे आणि मोड उजवीकडे, हे मला कोडंच. सर्जन म्हणाले, जबडा नालासारखा वाकलेला, दोन्ही टोकं कवटीला टेकलेली. एकीकडे धक्का बसला की तो फिरून पलीकडचं नाजूक टोक मोडतो. परेडमध्ये चक्कर येऊन तोंडावर पडणाऱ्या शिपायांना तर मधली हनुवटी आणि दोन्ही सांधे असे तिन्ही मोड होतात म्हणे. सुळ्याचं मूळ लांब, म्हणून तिथलं हाड दुबळं. अक्कलदाढ हाडात अडकून राहिली असेल तर जबड्याचा कोपरा दुबळा. (तुझी ती आडवी दाढ अजून आहे का?) मारामारी, पडणं, खेळ यांतही जबडे मोडतात, पण त्या वॉर्डातले आम्ही बहुतेक दुचाकीवालेच.

ऑपरेशनमध्ये भुलेची नळी नाकातून घातली. तोंडातून घातली तर दात मिटून कसे पाहणार? आधी दातांना पट्ट्या बांधून वरचा-खालचा चावा जुळवला, मग ओठाच्या आतून चीर देऊन हाड. बाहेर टाक्याची खूणसुद्धा नाही. पुढच्या मोडावर जेमतेम मिलिमीटर जाडीच्या टायटॅनियमच्या दोन प्लेटा बसवल्या, एक दातांच्या मुळांखाली, दुसरी खालच्या कडेला. चावताना तिथं हाड पिळलं जातं, एकीनं भागत नाही. ओठाला संवेदना देणारी नस शेजारूनच बाहेर येते, तिला सांभाळत स्क्रू मारावे लागतात. ओठ जागा व्हायला काही महिने लागतील.

या छोट्या प्लेटांची रीत स्ट्रासबुर्गच्या शांपी नावाच्या सर्जननी १९७८ साली बसवून दिली. त्याआधी सहा-सहा आठवडे तोंड तारेनं बंद करून ठेवायचे. मी दोन आठवड्यांतच रडकुंडीला आलो होतो! उजवा सांधा मात्र उघडलाच नाही. हाड फारसं सरकलेलं नव्हतं, म्हणून नुसती रबरं.

खाण्याचं विचारू नकोस. वरणाचं पाणी, ताक, भाताची पेज, सगळं मिक्सरमधून काढून गाळून. आईनं एकदा पुरणपोळी दुधात फिरवून दिली. चव तीच, पण ती पोळी नव्हे. आता रबरं जेवणापुरती काढतो, मऊ भात चालतो. भाकरीला अजून महिना.

सर्जननी बजावलंय, सांधा आखडू द्यायचा नाही. म्हणून रोज आरशासमोर उभा राहून दातांमध्ये बोटं उभी घालून मोजतो. निरोगी माणसाची आपली तीन बोटं मावतात, बघ घालून. माझी पहिल्या दिवशी एक, आज दीड. आई दारातून बघून हसते.

तीन झाली की फोन करीन.

तुझा,
अविनाश