किल्ली शोधणारे टॅग : खोक्यावर खरे ते छापा

संपादक महोदय,

किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवायचे छोटे बिनतारी टॅग आता सर्रास विकले जातात. वस्तू उपयोगाची आहे यात शंका नाही. पण ती चालते कशी, हे सांगण्याची तसदी विक्रेते क्वचितच घेतात. खोक्यावरचे नकाशाचे चित्र पाहून, हा टॅग उपग्रहाच्या मदतीने कुठूनही आपला ठावठिकाणा कळवतो, असा अनेकांचा समज होतो.

वस्तुतः ॲपलच्या एअरटॅगसारख्या प्रचलित टॅगमध्ये जीपीएस नसतेच. टॅग ब्लूटूथवरून थोड्या थोड्या वेळाने एक क्षीण संदेश सोडत राहतो. आपला फोन जवळपास असेल, तर ॲपमधले बटण दाबताच टॅग वाजू लागतो आणि सोफ्याच्या फटीत गेलेली किल्ली सापडते; मात्र मध्ये भिंती आल्या की हा पल्ला बराच घटतो. आपला फोन दूर असेल, तर त्याच यंत्रणेत सामील असलेला, वाटेने जाणाऱ्या कोणाचा तरी फोन तो संदेश टिपतो आणि आपले स्वतःचे स्थान सांकेतिक रूपात पुढे पाठवतो. त्या वाटसरूला याचा पत्ताही नसतो. म्हणजे नकाशावर ठिपका दिसतो तो संदेश ऐकणाऱ्या फोनच्या जागेवरून काढलेला अंदाज असतो. त्यामुळे ठिपक्याच्या आधी त्याखाली लिहिलेली वेळ वाचावी. तिथे ‘तीन तासांपूर्वी’ असे असेल, तर किल्ली तेव्हा त्या परिसरात होती, एवढाच त्याचा अर्थ. निर्जन रस्त्यावर पडलेली किल्ली कोणाचा फोन शेजारून जाईपर्यंत मुकीच राहते.

ही यंत्रणा ज्याची त्याची वेगळी असते, हेही दुकानात कोणी सांगत नाही. एअरटॅग अँड्रॉइड फोनशी जोडताच येत नाही, आणि गूगलचे असे व्यापक जाळे २०२४ मध्ये सुरू झाले. फोनमधल्या बॅटरी वाचवण्याच्या सोयीमुळे काही टॅगांचे ॲप परस्पर बंद पडते, आणि मग दोष मात्र टॅगच्या माथी येतो.

बॅटरीची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. पुष्कळ टॅगांत सीआर २०३२ ही चपटी गोल बॅटरी असते व ती साधारण वर्षभर पुरते. लहान मुलांनी ती गिळू नये म्हणून काही कंपन्या तिच्यावर कडू लेप देतात, कारण गिळलेल्या बॅटरीने दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. पण या लेपामुळे काही टॅगांत बॅटरीचा संपर्क नीट होत नाही; खुद्द ॲपलने एअरटॅगबाबत तशी सूचना दिली आहे. नवी बॅटरी घालूनही टॅग गप्प राहिला, तर तो फेकून देण्याआधी बॅटरीच्या वेष्टनावर कडू लेपाचा उल्लेख आहे का, ते पाहावे. (आणि जुनी बॅटरी टेबलावर तशीच ठेवू नये.)

दुसऱ्याच्या बॅगेत गुपचूप टॅग टाकून त्याच्यावर पाळत ठेवण्याचे प्रकारही घडले आहेत. त्यावर ॲपल आणि गूगल यांनी मे २०२४ पासून आयफोन आणि अँड्रॉइड अशा दोन्ही प्रकारच्या फोनवर इशारा देण्याची सोय आणली. मात्र तिचा लाभ मिळण्यासाठी फोनची प्रणाली अद्ययावत असावी लागते.

उत्पादकांकडे मागणी एवढीच आहे : टॅगमध्ये जीपीएस आहे की नाही, तो कोणत्या फोनशी जुळतो आणि त्यात कोणती बॅटरी चालत नाही, हे खोक्याच्या दर्शनी बाजूवर, नकाशाच्या चित्राइतक्याच ठळकपणे आणि ग्राहकाच्या भाषेत छापावे.

आपला,
एक वाचक