कोचिंगमधील गोपनीयता आधी ठरावी

कंपन्यांमधील कोचिंगविषयीचा, म्हणजे कर्मचाऱ्याला कामात पुढे जाण्यासाठी कोच (मार्गदर्शक) देण्याविषयीचा, आपल्या रविवारच्या पुरवणीतील लेख वाचला. त्यात कोचच्या कौशल्यावर भर आहे. पण पैसे कंपनी देते आणि मन मोकळे करायचे कर्मचाऱ्याने, या त्रिकोणाचा उल्लेखही नाही. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये मदत करणारा आणि मदत घेणारा यांच्या नात्याची तीन अंगे सांगितली : उद्दिष्टांवर एकमत, करायच्या कामांवर एकमत आणि परस्परांतील बंध. कोचशी बोललेले एचआरपर्यंत (मनुष्यबळ विभागापर्यंत) पोहोचेल, अशी शंका आली की कर्मचारी वरवरची, बिनधोक उद्दिष्टे सांगतो आणि तिन्ही अंगे लुळी पडतात. म्हणून पहिल्या सत्राआधीच कंपनी, कर्मचारी आणि कोच या तिन्ही पक्षांनी लेखी ठरवावे : कंपनीला फक्त उद्दिष्टे व हजेरी कळेल, प्रगतीविषयी कर्मचारी स्वतः, कोचच्या उपस्थितीत सांगेल. बढतीच्या निर्णयासाठी कोचचे मत मागणे तर पूर्ण बंद व्हायला हवे.

– एक वाचक, पुणे