थर्मोपिली गाजली, युद्ध वल्हेकऱ्यांनी जिंकले

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला ग्रीक-पर्शियन युद्धावरचा लेख वाचला. असा विषय दैनिकात आला याचा आनंद आहेच, पण पाऊण पान थर्मोपिलीच्या खिंडीला आणि सॅलामिसच्या आरमारी लढाईला जेमतेम दोन ओळी, ही वाटणी खटकली. मथळ्यात ‘ग्रीकांची पावनखिंड’ म्हटले आहे. ही तुलना आपण शाळेपासून ऐकतो, आणि शौर्यापुरती ती कबूलही आहे. मात्र १६६० मध्ये बाजीप्रभू ज्यासाठी उभे राहिले ते काम फत्ते झाले, महाराज विशाळगडावर पोहोचले. स्पार्टाचा राजा लिओनायडस याला खिंड रोखून धरायची होती. ती तिसऱ्या दिवशी पडली, आणि त्यानंतर काही आठवड्यांतच पर्शियाचा बादशहा झर्क्सिस याच्या फौजेने अथेन्समध्ये शिरून अक्रोपोलिस टेकडीवरची देवळे जाळली. इ.स.पू. ४८० मधली ही लढाई ग्रीक हरले होते, हे लेखात कुठेही स्पष्टपणे येत नाही.

शिवाय खिंडीत मेलेल्या स्पार्टनांचा ‘तीनशे’ हा आकडाही अपुरा आहे. शेवटच्या दिवशी थेस्पिया या लहान नगराचे सातशे लोक आपणहून मागे थांबले आणि स्पार्टनांबरोबर मारले गेले. त्यांच्यामागे स्पार्टाचा दरारा नव्हता, एवढाच काय तो त्यांचा गुन्हा!

युद्धाचा निकाल लावणारी तयारी तीन वर्षे आधी, खाणीत सुरू झाली होती. इ.स.पू. ४८३ च्या सुमारास अथेन्सजवळच्या लॉरियनला चांदीचा मोठा साठा लागला. हे पैसे नागरिकांना माणशी दहा द्राख्मा (तिथले चांदीचे नाणे) असे वाटून टाकावेत, असा विचार चालला होता. अथेन्सचा पुढारी थेमिस्टोक्लिस याने तो मोडून काढला आणि त्या पैशांतून लढाऊ जहाजे बांधायला लावली. गंमत म्हणजे त्याने पर्शियाचे नावही पुढे केले नाही. शेजारच्या इजायना बेटाशी जुने वैर होते, त्याचे निमित्त सांगितले. दूरच्या बादशहापेक्षा दाराशी असलेला शत्रू मतदारांना लवकर पटतो, हे त्याला ठाऊक असावे.

ट्रायरीम म्हणजे वल्ह्यांवर चालणारे लढाऊ जहाज; अशा एका जहाजाला १७० वल्हेकरी लागत. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसच्या हिशेबाने सॅलामिसला अथेन्सची १८० जहाजे होती. म्हणजे एकट्या अथेन्सच्या जहाजांवरच तीस हजारांहून अधिक वल्ही! ती मारणारे बहुतेक गरीब, बिनजमिनीचे लोक होते. ढाल, शिरस्त्राण आणि चिलखत विकत घेण्याची ऐपत नसल्याने पायदळाच्या मानाच्या रांगेत त्यांना जागा नव्हती. बायका-मुले ट्रोझेन, इजायना आणि सॅलामिसला पाठवून हे लोक जहाजांवर चढले. इतर ग्रीक सेनानी माघारीच्या गोष्टी करत असताना थेमिस्टोक्लिसने सिकिनस नावाच्या आपल्या गुलामाकरवी झर्क्सिसला निरोप धाडला की ग्रीक पळून जाण्याच्या बेतात आहेत. पर्शियन आरमार सॅलामिस बेट आणि किनारा यांच्यामधल्या चिंचोळ्या सामुद्रधुनीत शिरले आणि तिथे त्याचे संख्याबळच त्याला नडले. झर्क्सिस किनाऱ्यावर आसन मांडून हे सारे पाहत होता. आरमार मोडल्यावर तो स्वतः मागे फिरला.

पुढे अथेन्सच्या कारभारात या गरीब वल्हेकऱ्यांचे वजन वाढले. अ‍ॅरिस्टॉटलनेही तिथल्या लोकशाहीच्या जोराचा संबंध या आरमारी जमावाशी जोडला आहे. अर्थात, ज्या चांदीवर ही जहाजे उभी राहिली ती खणून काढणारे गुलाम होते, आणि त्यांच्या वाट्याला मत आले नाही.

आणखी एक. लेखात हे युद्ध ‘युरोप विरुद्ध आशिया’ असे रंगवले आहे. प्रत्यक्षात सॅलामिसला झर्क्सिसच्या बाजूने आशियाच्या किनाऱ्यावरच्या आयोनियाचे ग्रीक लढत होते, तिथल्याच हॅलिकार्नासस या ग्रीक नगराची राणी आर्टेमिसिया स्वतःची जहाजे घेऊन आली होती. पुढे थीब्ज हे ग्रीक नगर पर्शियाच्या बाजूने लढले, आणि आर्गोस हे दुसरे ग्रीक नगर तटस्थ राहिले. खुद्द थेमिस्टोक्लिसला अथेन्सने हद्दपार केले, तेव्हा त्याला आसरा दिला तो झर्क्सिसच्या मुलाने, आशियातल्या मॅग्नेशिया नगराचे उत्पन्न तोडून देऊन!

लेखाच्या शेवटी ‘क्रमशः’ आहे, म्हणून एक विनंती. पुढच्या भागात इ.स.पू. ४७९ ची प्लाटीयाची लढाई येईलच. तिथे पर्शियन सेनापती मार्डोनियसच्या फौजेत सिंधूच्या खोऱ्यातले सैनिकही होते. सुती कपडे घातलेले, बोरूची धनुष्ये आणि लोखंडी टोकाचे बाण वापरणारे, असे त्यांचे वर्णन हिरोडोटसने केले आहे. प्लाटीयाच्या रांगेत ते कोणत्या ग्रीकांसमोर उभे होते, तेही तो सांगतो. त्यांना निदान एक परिच्छेद द्यावा. आणि सॅलामिसच्या सामुद्रधुनीचा नकाशा आता छापला तरी उशीर झालेला नाही.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा