जेट ली सर, आजारपण उघडपणे सांगितलंत म्हणून

आदरणीय जेट ली सर,
सादर नमस्कार.

मी सांगलीत कराटेचा क्लास चालवतो. गेल्या वर्षी मला हायपरथायरॉइडिझम, म्हणजे थायरॉइड ग्रंथी जास्त काम करण्याचा आजार, निघाला. वजन भराभर उतरलं, हात थरथरू लागले, बसल्या जागी छातीत धडधड. डॉक्टरांनी जोराचा सराव बंद करायला सांगितला. ज्याचं पोट अंगमेहनतीवर चालतं, त्याला हे ऐकून काय वाटतं ते तुम्ही जाणता. त्या दिवसांत मला तुमचा आधार झाला, म्हणून हे पत्र.

2013 मध्ये तुम्ही चीनमधल्या टीव्ही कार्यक्रमात हाच आजार असल्याचं सांगितलंत. हृदयाचे ठोके आवरायला औषध लागतं, त्यानं वजन वाढतं आणि ते उतरवायला फार व्यायामही करता येत नाही, हेसुद्धा सांगितलंत. आणि हे बोलणारा माणूस कोण? 1974 मध्ये, अकराव्या वर्षी, व्हाइट हाउसमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांच्यासमोर वूशू या चिनी युद्धकलेची प्रात्यक्षिकं केलेला. राष्ट्रीय स्पर्धेत पाचदा सर्वंकष विजेता. 1982 च्या ‘शाओलिन टेंपल’ चित्रपटाने चीनभर पोचलेला. 1991 मध्ये तुम्ही पडद्यावर साकारलेला चिनी युद्धकलेतला लोकनायक वाँग फेइ-हुंग तर मी मुलांना मुद्दाम दाखवतो. लाथ सुटेपर्यंत खांदा हलत नाही, बघा म्हणतो. एवढ्या शरीराचा धनी आपलं शरीर थकल्याचं चारचौघांत सांगतो, यानं मला बळ आलं.

मीही पालकांना बोलावून सांगितलं, की सर आता उड्या मारणार नाहीत, उभं राहून शिकवतील. एकानंही मुलाला क्लासमधून काढलं नाही.

आणखी एका गोष्टीसाठी ऋणी आहे. तुम्ही दोन वर्षांचे असताना वडील गेले. घरात मांस आणायलाही पैसे नव्हते. तुमचे प्रशिक्षक वू बिन यांनी तुमच्या घरी खाण्याचं सामान पोचवलं, कारण खेळाडूच्या अंगात ताकद अन्नातूनच येते. हे तुमच्यामुळे कळलं. तेव्हापासून संध्याकाळी वॉर्मअपच्या आधी मी मुलांना विचारतो, काय खाऊन आलात? ज्याचं उत्तर टाळाटाळीचं येतं, त्याच्यासाठी क्लासवर शेंगदाणे आणि उकडलेली अंडी ठेवलेली असतात. माझ्या मते वूशूच्या सगळ्या पदकांपेक्षा वू बिन यांचं हे काम मोठं आहे, आणि तुम्ही ते पुढे नेलंत. 2004 च्या त्सुनामीत मालदीवमध्ये मुलीसह वाचल्यावर तुम्ही नुसते देवाचे आभार मानून थांबला नाहीत. 2007 मध्ये ‘वन फाउंडेशन’ ही मदतसंस्था काढलीत आणि माणशी महिन्याला एक युआन मागितलात, म्हणजे गरिबालाही देता यावं.

माझे ठोके आता औषधानं आटोक्यात आहेत, सकाळी चालायची परवानगीही मिळाली आहे. तुम्हीही औषधं वेळेवर घ्या, तब्येत सांभाळा. मनापासून आभार.

आपला नम्र,
सांगलीतला एक कराटे प्रशिक्षक