मनू, मत देणार नाही म्हणालीस त्याबद्दल

प्रिय मनू,

परवा फोनवर तू म्हणालीस की आई मी यावेळी मत देणारच नाहीये, डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन दोन्ही पक्षांत माझं असं कोणीच नाही. मी गप्प बसले कारण बाबा शेजारीच होते आणि मग तुमचा दोघांचा वाद सुरू झाला असता, आणि मला वाद नको होता, मला तुझ्याशी बोलायचं होतं. म्हणून लिहितीये, सावकाश वाच.

तुला जे वाटतंय ते खरंच आहे. तुला हवामानाची काळजी आहे, गर्भपाताचा निर्णय त्या बाईचाच असावा असं तुला ठाम वाटतं, पण शाळेत काय शिकवायचं यात आईबापांचंही ऐकलं पाहिजे असं तूच मागे म्हणाली होतीस, आणि आपण ग्रीनकार्डसाठी ७ वर्षं रांगेत काढली ते तू लहानपणी घरात बघितलंयस त्यामुळे इमिग्रेशनवर तुझं मत दोन्हीकडच्या घोषणांपेक्षा वेगळंच आहे. असं माणूस दोन डब्यांपैकी एकात कसं बसणार? नाहीच बसत. मीही बसत नाही आणि बाबाही बसत नाहीत, ते फक्त तसं बोलत नाहीत.

तुझे आजोबा सांगोल्याचे. विधानसभेला त्यांचं मत ठरलेलं असायचं, शेकापचे, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचे, गणपतराव देशमुख, जे तिथून ११ वेळा आमदार झाले. आजोबांना पटणारा पक्ष लहान होता पण त्यांच्या तालुक्यात तो जिंकू शकत होता, म्हणून मन आणि मत एकाच जागी. लोकसभेला मात्र तसं नव्हतं, तेव्हा ते ओट्यावर बसून आठवडाभर विचार करायचे की आता यातल्या कोणाला. मला ते दृश्य अजून आठवतं. इथे मिशिगनमधे आपली ती लोकसभेवाली अवस्था कायमचीच आहे. नियम तोच, ज्याला सगळ्यात जास्त मतं तो जिंकला आणि बाकीच्यांना शून्य, पण इथे सगळं राजकारण प्रेसिडेंटच्या एका खुर्चीभोवती फिरतं आणि वेगळा विचार करणारा माणूसही शेवटी दोनातल्या एका पक्षाच्या प्रायमरीतूनच, म्हणजे उमेदवार ठरवायच्या आधीच्या मतदानातूनच, वर येतो, त्यामुळे तिसऱ्याला पाय ठेवायला जागाच राहत नाही.

आता माझं सांगते, हे तुला कधी सांगितलं नव्हतं. २०१६ च्या मार्चमधे माझी नागरिकत्वाची शपथ झाली आणि नोव्हेंबरमधे पहिलं मत, आणि मीही अगदी तुझ्यासारखीच चिडलेली होते, म्हणून प्रेसिडेंटसाठी मी तिसऱ्या पक्षाला मत दिलं. मिशिगनचा निकाल लागला १०,७०४ मतांनी. सबंध राज्यात ४५ लाखांवर लोकांनी प्रेसिडेंटसाठी मत दिलेलं आणि फरक एवढासा. एकट्या ग्रीन पार्टीला त्याच्या कितीतरी पट मतं होती. लोक म्हणतात ते मत वाया गेलं, मी तसं म्हणणार नाही, ते मत माझं होतं. पण मी ते देताना एवढाच विचार केला होता की मला स्वच्छ वाटलं पाहिजे, त्याने पुढे काय होऊ शकतं हा विचार केलाच नव्हता, आणि ते मला आज पटत नाही. तू तिसऱ्याला दिलंस तरी मी काही म्हणणार नाही, फक्त दोन्ही विचार करून दे.

आणि मग २०२० ला मी बरोबर उलटी चूक केली. आपल्या बॅलटवर, म्हणजे मतपत्रिकेवर, अगदी वरती स्ट्रेट पार्टीचा एक गोल असतो, तो एक काळा केला की त्या पक्षाचे सगळे उमेदवार एका झटक्यात. मी तेच केलं, दोन मिनिटांत पाकीट बंद. नंतर शेजारच्या काकू विचारतात, प्रपोजलवर काय केलंस? कसलं प्रपोजल? तर मागच्या बाजूला प्रश्न होता की पोलिसांना तुमचा फोन, तुमचे मेसेज बघायचे असतील तर वॉरंट लागावं की नाही. म्हणजे बघ, ज्या गोष्टीवर मी जेवताना तासतासभर बोलते तोच प्रश्न माझ्या हातात आला होता आणि मी तो कोरा सोडला. त्या गोलात प्रपोजलं येत नाहीत, जज येत नाहीत, स्कूल बोर्ड येत नाही. ते प्रपोजल प्रचंड बहुमताने पास झालं, माझ्याशिवाय. मला अजून वाईट वाटतं.

म्हणून तुला सांगते, बॅलट मागच्या बाजूने, म्हणजे प्रपोजलांपासून, भरायला सुरुवात कर. तिथे कुणाचा झेंडा नसतो, सरळ प्रश्न असतो, हो किंवा नाही. गर्भपाताचा हक्क राज्यघटनेत घालायचं प्रपोजल २०२२ ला ५७ टक्क्यांच्या आसपास मतांनी पास झालं, आणि दोनच वर्षांनी याच राज्यात ट्रम्प जिंकले. दोन्हीकडे हो म्हणणारे लोक त्यात नक्की असणार, तेही तुझ्यासारखेच एका डब्यात न बसणारे. आणि मतदारसंघांच्या सीमा पुढाऱ्यांनी आपल्या सोयीने आखायच्या हे इथे वर्षानुवर्षं चालायचं ना, ते थांबवायचं म्हणून केटी फेही नावाच्या पंचविशी ओलांडलेल्या मुलीने २०१६ च्या निवडणुकीनंतर फेसबुकवर एक पोस्ट टाकली, त्यातून लोक जमले, फुकट राबून त्यांनी सव्वाचार लाखांच्या वर सह्या गोळा केल्या आणि २०१८ ला ते ६१ टक्क्यांनी पास झालं. आता सीमा नागरिकांचं कमिशन आखतं. कुठल्याच पक्षाने हे वाढून दिलं नव्हतं.

दुसरी जागा प्रायमरी. ऑगस्टमधे सगळे सुट्टीवर असतात आणि मोजके लोक जाऊन ठरवतात की नोव्हेंबरला आपल्यासमोर कोण उभं राहणार, मग आपण नोव्हेंबरला म्हणतो हे दोघंच का! मिशिगनमधे पक्षाचं सभासद असावं लागत नाही, कागदावरचा एकाच पक्षाचा रकाना भरायचा एवढंच, दोन्ही भरलेस तर पक्षाचा भाग बाद होतो, लक्षात ठेव. २०२४ च्या फेब्रुवारीत प्रेसिडेंटच्या प्रायमरीत एक लाखाच्या वर लोकांनी "अनकमिटेड" वर, म्हणजे यातलं कोणीच नाही यावर, खूण केली होती, गाझाच्या प्रश्नावर त्यांना बायडनना सांगायचं होतं की आम्हाला हे चालणार नाही. तुला त्यांचं पटो न पटो, पण नाराजी घरी बसून कुणाला दिसत नाही, तिथे ती मोजली गेली.

मराठी मंडळात नेहमी निघतं ते म्हणजे आपला माणूस. श्री ठाणेदार २०२२ ला डेट्रॉइटमधून काँग्रेसवर, म्हणजे इथल्या संसदेवर, निवडून आले तेव्हा बेळगावचा मराठी माणूस म्हणून मलाही भरून आलं, पण मराठी आहे म्हणून मत दे असं मी तुला कधी सांगणार नाही, आणि मराठी आहे म्हणून त्यांना सवलतही देणार नाही.

राहिला वरचा भाग, जिथे दोनच आहेत. तिथे मी हल्ली काय करते तर एका कागदावर माझ्या गोष्टी लिहिते आणि त्यांना क्रम लावते, कारण सगळ्या मिळणार नाहीत हे ठरलेलंच आहे, मग कुठली गेली तर मला झोप लागणार नाही ते शोधायचं. माझ्याकडे वरती सरकारी शाळा आणि पिण्याचं पाणी आहे, फ्लिंट आपल्यापासून तासाभरावर आहे आणि तिथल्या पोरांच्या पोटात शिसं गेलं ते मी विसरू शकत नाही. बाबांच्या कागदावर वरती दुकानावरचा टॅक्स आहे. २२ वर्षं एका घरात राहून आमचे कागद वेगळे आहेत, आणि मला त्यात काहीच चुकीचं वाटत नाही. तुझा कागद तू लिही, मैत्रिणींना दाखवू नकोस, मलाही नको.

तुझी नोंदणी कॅन्टनच्या घरच्या पत्त्यावर ठेवायची की अ‍ॅन आर्बरच्या, हे तुझं तू ठरव, विद्यार्थ्यांना दोन्हीतलं एक चालतं. घरचा ठेवलास तर बॅलट पोस्टाने मागवता येईल. यंदा गव्हर्नरची निवडणूक आहे, आणि दर १६ वर्षांनी येणारा तो प्रश्नही आहे की राज्यघटना नव्याने लिहायला परिषद बोलवायची का, त्यावर मीच अजून वाचतीये, तुला काही चांगलं सापडलं तर मला पाठव. नमुना बॅलट वेबसाइटवर आलं की दोन प्रिंट काढून ठेवीन, एक तुझी, एक माझी. तू आलीस की जेवणं झाल्यावर बसू, तू तुझी भर, मी माझी भरते.

तुझी,
आई